ओला अंगठा

टेबलावर पाच फोन पालथे.
एकाची काच तडकलेली,
एकाची बॅटरी अशी फुगलेली की पाठीचं झाकण अधांतरी,
आणि एक आयफोन, ओंदितीचा, माझ्या मावसभावाचा,
रविवारपर्यंत उसना,
म्हणून त्याच्याखाली दुमडलेला रुमाल.

आपोंदी म्हणते, ढगात पाठवून तपासत बसलो
तर डेटा मंगळवारीच संपतो.
इथेच मांडू सगळं. या माळ्यावर.
खाली ओकुमूची शिलाई मशीन चालेल, चालू दे.
खिडकीतून सरोवराचा वास येईल, तो तर येणारच,
किसुमूत त्याला दार नाही.

सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर पहिल्याच हाकेला उठला,
पण फोन म्हणाले, घरी कुणीच नाही.
दुपारभर शोधलं. मग उमगलं:
'लोकलहोस्ट' म्हटलं की
जो तो स्वतःच्याच छातीवर बोट ठेवतो.
फोन म्हणतो मी, एमुलेटर म्हणतो मी,
लॅपटॉपचं नाव कुणाच्याच तोंडी नाही.
मग आमचा खरा पत्ता दारावर खडूने लिहिला,
तीन टिंबांनी तोडलेले चार आकडे.
वीज जाते, राउटर झोपतो, उठतो तो नवा पत्ता घेऊन.
पुसायचं, लिहायचं.
दाराचा तेवढा भाग आता पांढुरका झालाय.

कोड एकच, पण लेक दोन घरी दिल्यासारखा.
अँड्रॉइडच्या घरी बटण निमूट तळाशी बसतं,
आयफोनच्या घरी तेच बटण
कीबोर्डमागे तोंड लपवतं.
आपोंदी दोघांची समजूत काढते,
रात्री एक वाजता, एकेचाळीस टक्के चार्जवर,
कपाळावर हेडलॅम्प बांधून.

गुरुवारी एकशे बारा चाचण्या.
सगळ्या हिरव्या.
आम्ही मंदाझी मागवले, चहा मागवला,
आणि कोळणींना दाखवू म्हणून
धक्क्यावरून मिन ओबुयाला बोलावलं,
कारण हे सगळं तिच्यासाठीच होतं:
कुठला मासा, किती किलो, काय भाव,
तिच्या वहीत पाणी जातं म्हणून.

ती घमेलं दाराशी ठेवून आली.
अंगठा टेकवला. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
जोरात दाबला, तर एकच म्बुता
तीनदा विकला गेला.
तिने हात कमरेच्या लेसोला पुसला,
खवले चिकटलेलेच राहिले,
फोन आमच्याकडे सरकवत म्हणाली,
"हे कोरड्या लोकांचं आहे."

घमेलं उचलून ती गेली.
मंदाझी गार झाले.
एकशे बारांमध्ये पाणी कुठेच नव्हतं.

आपोंदी काही बोलली नाही. खाली उतरली,
ओकुमूचा इस्त्रीचा वाडगा मागून आणला,
टवके उडालेला, निळ्या काठाचा,
पाण्याने भरला, चिमूटभर मीठ टाकलं
(सरोवर गोड्या पाण्याचं, मी म्हटलं.
घाम खारट असतो, ती म्हणाली)
आणि दारावर, पत्त्याच्या खाली, खडूने लिहिलं:
आधी बोट बुडव.

तेव्हापासून वाडगा टेबलावरच आहे.
बटणं मोठी झाली, दुसरा स्पर्श
पहिल्याची वाट बघायला शिकला.
मिन ओबुया दोनदा येऊन गेली,
दोनदा नुसतं "हं" म्हणाली.

रविवार उलटून गेला.
आयफोनच्या चार्जरच्या भोकात पाणी शिरलंय,
तो तांदळाच्या डब्यात आहे.
ओंदितीला अजून सांगितलेलं नाही.