नाडी

विज्ञान स्पर्धेची तिसरी फेरी:
कचराळी तलावाला तीन चकरा,
लगेच मनगटावर बोटं, नाडी मोजा, आलेख काढा.
धावण्याचे वीस गुण.

माझ्या खिशात दम्याचा पंप.
सर म्हणाले, तू घड्याळ धर.

केण्यांची हर्षाली आली लालबुंद,
एकशे शहाऐंशी.
मिहीर पाठारे चक्क चालत आला,
वर बदकांना हसत. एकशे चार.
दोघातिघांना स्वतःची नाडीच सापडेना,
ती मी शोधून दिली,
अंगठ्याच्या मुळाशी, जरा आत.

घामाशिवाय विज्ञान कोरडं,
परीक्षक माइकवर म्हणाले.
असेल.
घाम मलाही येतो.

निकाल वाचत होते तेव्हा
पायरीवर बसल्या बसल्या सहज बोटं ठेवली:
एकशे अठरा.

हा बिंदू आलेखात धरायचा का,
कुणाला विचारणार.
पेन्सिलीनं काढून ठेवला.