खालची ओळ

रविवारी जुन्या बाजारात, बंद घड्याळं
आणि झाकण हरवलेल्या मिक्सरच्या मध्ये
तो कागद पडला होता.
चारशे म्हणाला, एकशे ऐंशीला दिला.
घासाघीस केली हे कुणाला सांगायचं नाही
असं रिक्षातच ठरलं.

चित्रात एक जोडपं. गृहस्थ पिंपासारखे,
कोटाचं बटण शेवटच्या धाग्यावर,
बाईंच्या टोपीवर अख्खी बाग,
आणि दोघं मान वाकडी करून
प्रदर्शनातल्या कसल्याशा चित्राकडे बघताहेत.
खाली फ्रेंचमध्ये एक ओळ.
तेवढी पट्टी पांढरी. बाकीचा कागद
चहा सांडल्यासारखा तांबूस.

हॉलमध्ये लावला, सोफ्याच्या वर, एसीच्या जरा डावीकडे.
विदुला पाहुण्यांना सांगायची, 'पॅरिसचं आहे. ओरिजिनल.'
आणि लिथोग्राफमधला थ
इतका हळुवार सोडायची
की पुढचं कुणी विचारत नसे.
मीही शिकलो
दोन पावलं मागे जायला,
चष्मा कपाळावर सरकवून
'रेष बघा, रेष' म्हणायला.
आगटे तर मान कलती करून
पाच मिनिटं उभे राहिले एकदा.
त्यांचा चहा निवला.

कोजागिरीला त्यांची भाची आली,
रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेली.
मसाला दुधाचा पेला हातात,
ओठावर केशराची काडी,
मोठ्यांदा वाचून मोकळी झाली:
'अहो, मान अजून थोडी वाकडी करा.
लोक बघताहेत.
आपल्याला कळतंय असं वाटलं पाहिजे त्यांना.'

आगट्यांनी मान सरळ केली.
विदुला म्हणाली, दूध घ्या ना अजून कुणीतरी.
कुणीतरी घेतलं.

मंगळवारी नारायण पेठेत
पासलकर फ्रेमवाल्यांकडे गेलो.
म्हटलं, माउंट खालून दोन बोटं वाढवा,
म्हणजे कसं, चित्राला जरा
श्वास घ्यायला जागा मिळेल.
त्यांनी काच काढली, कागद उजेडात धरला,
पांढऱ्या पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं.
'ही ओळ आधीही झाकलेलीच होती, साहेब.
कितीतरी वर्षं. ऊन लागलेलं नाही हिला.'
मग कानामागची पेन्सिल काढून:
'त्याच मापाचं कापू?'

मी इकडेतिकडे बघितलं.
दुकानात दुसरं कुणी नव्हतं.
म्हटलं, एक सूत जास्तच ठेवा.