हातचा

पेन्शनच्या टेबलावर एकवीस वर्षं बसले आहे मी.
शालर खाडीवरच्या या गावात कोण कधी जन्मलं
ते माझ्या कपाटाला तोंडपाठ.
कोण किती जगेल
त्याचाही तक्ता मॉन्ट्रियलहून दरवर्षी येतो,
बिनचेहऱ्याचा, दशांश चिन्हांसकट.

ओनेझिम लांतेन्येला मी एकदा
त्याचा आकडा सांगून बसले: एक्याऐंशी पूर्णांक चार.
तेव्हापासून भेटला की विचारतो,
"ओडेट, आज किती उरलो?"

संपाच्या तिसऱ्या आठवड्यातही विचारलं.
कागद गिरणीच्या फाटकाशी उणे एकोणीस,
पिंपात फळकुटं जळत होती,
चिमणीतून वास यायचा थांबला होता,
(तो नसला की इथे लोकांना श्वास जड जातो).
मी ऑफिसातली, युनियनबाहेरची. मला आत जायचं होतं.
त्यानं बुटानं पिंप सरकवून वाट दिली.
बाकीच्यांनी पाठ.
माझ्या सख्ख्या भावानंही.

पत्रं मीच पाकिटात भरली होती,
चारशे सदतीस वेळा तेच गुळगुळीत वाक्य:
"सध्याच्या कामगारांच्या हक्कांना धक्का नाही."
धक्का पुढच्यांना होता,
जे अजून शाळेमागच्या बर्फावर हॉकी खेळताहेत.
त्यांना ठरलेली रक्कम नाही.
एक खातं, आणि बाजाराची मर्जी.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागा,
हे आलेख दाखवून समजवायला
टोरांटोहून मिस हॅलोरन आली होती.
वाईट नव्हती. थर्मासमधलं सूप मला अर्धं दिलं.
"मला कुठंय पेन्शन?" म्हणाली,
आणि पुढची स्लाइड लावली.

सभा चर्चच्या तळघरात झाली.
(भावानं सांगितलं, नंतर, बोलायला लागल्यावर.)
कुणी म्हणालं, आपलं तर शाबूत आहे,
सही करू, घरी जाऊ, तेलाची टाकी रिकामी आहे.
कुणी म्हणालं, तोंडाला पानं पुसताहेत.
मग ओनेझिम उठला. भाषण त्याला येत नाही.
"मी चौथीपर्यंत शिकलो," म्हणाला,
"सात नि आठ पंधरा.
पाच खाली, हातचा एक.
तो एक खिशात घालायचा नसतो.
पुढच्या घरात द्यायचा असतो."
आणि टोपी शोधत खाली बसला.
ती त्याच्याच डोक्यावर होती. लोक हसले.

दोनशे आठ विरुद्ध एकशे एक्याण्णव.
करार मंजूर.
अडतीसजण आलेच नाहीत.
चिठ्ठ्या गुप्त. ओनेझिमची कुठल्या पेटीत पडली
मी विचारलं नाही.
त्याच्या बायकोच्या औषधांचा विमा
संपाच्या पहिल्या दिवशीच थांबला होता,
तो कागदही माझ्याच हातून गेला होता.

सोमवारी चिमणी सुरू झाली. गाव नाक भरून खोकलं.
बुधवारी नव्या नियमांतला पहिला आला,
लुदोविक आर्सनो, एकोणीस वर्षांचा,
कानात अजून गाणं चालू.
"सही कुठे?"
अकरावं पान वाच, म्हटलं. त्यानं अंगठ्यानं पानं उडवली.

त्याची फाइल पातळ आहे.
तक्त्यात मी त्याचं वय शोधू लागले
आणि थांबले:
याच्यासाठी तो रकानाच नाही.
हा किती जगेल
हे जाणून घ्यायची
कंपनीला आता गरज उरलेली नाही.

हाताला मात्र सवय.
त्याच्या नावावर, डोक्याशी,
पेन्सिलीनं बारीकसा एक काढला गेला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

काही नाही, म्हटलं.
हातचा.