प्रश्न सतरावा

मी प्रेसमध्ये कागद तपासतो.
नाशिकरोडला, सकाळच्या पाळीत.
शाई पुसट, रेघ सरकलेली, कोपरा दुमडलेला,
बोट ठेवायचं, लाल खूण करायची, पुढचा कागद.
एकवीस वर्षं झाली. आता बोटच आधी बघतं,
डोळे मागून येतात.

म्हणून गांगुर्डे बाई घरी आल्या,
मांडीवर चौकोनांचा फॉर्म उघडून बसल्या,
तेव्हा मला वाटलं, हे काम आपल्याला येतं.

बाई संशोधन करतात, अशा मुलांवर.
('मुलांवर' म्हटलं की त्या थांबवतात. 'मुलांसोबत' म्हणा.)
शरणपूर रोडहून दोन बस बदलून जेलरोडला, भर उन्हात.
मंदाकिनीनं पंखा त्यांच्याकडे वळवला.
रेणुका फरशीवर, कपड्यांचे चिमटे
एकामागे एक लावत,
डबा, डबा, डबा,
निळा नेहमी शेवटी.

'नाव घेतल्यावर वळून बघते?'
नेहमी. कधीकधी. कधीच नाही.
म्हटलं, नावाला नाही वळत.
पण रात्री मालगाडी आउटरला थांबते ना,
ब्रेक लागायच्या आधीच ही उठून बसलेली असते.
याला कुठला चौकोन?
बाईंनी समासात काहीतरी लिहिलं.

'इतर मुलांमध्ये मिसळते?'
मंदाकिनी म्हणाली, खाली लपाछपी चालते.
ही लपत नाही.
ज्याच्यावर राज्य, त्याच्या शेजारी जाते
आणि त्याच्यासारखंच भिंतीला डोकं टेकून उभी राहते.
आकडे संपले तरी.
बाईंचा समास भरत चालला.

त्र्यंबकला विधीही करून झाला होता,
पतपेढीतून उचलून.
तिथं गोत्र विचारलं, नक्षत्र विचारलं.
बाईंच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'पालकांसाठी':
तुम्ही दोघं झोपता कधी?
मंदाकिनी हसली. मग आत गेली.
नळ बराच वेळ चालू राहिला.
बाईंनी तो चौकोन रिकामाच ठेवला
आणि घड्याळाकडे बघितलं नाही.

आता महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही केंद्रात जातो.
सिन्नरचे टेम्पोवाले वाघचौरे, भद्रकालीच्या शबनमताई,
एक बँकेतले आजोबा, नातवाची चप्पल हातात धरून.
धीर वगैरे तिथं कुणी देत नाही. पत्ते देतात.
मशीन न लावता केस कापणारा न्हावी.
रांगेत न ताटकळवणारा दातांचा डॉक्टर.
प्रमाणपत्रासाठी सिव्हिलला कुठल्या वारी गर्दी कमी.
शबनमताई म्हणतात, लग्नात जायचं, पण डीजेच्या आधी जेवून निघायचं.
मी वहीत लिहून घेतो.

सहा महिन्यांनी बाई परत आल्या, तोच फॉर्म घेऊन.
प्रश्न सतरावा:
'हवी ती वस्तू बोटानं दाखवते?'
मी पटकन म्हणालो, हो! माझ्या बोटानं.
बाईंचं पेन थांबलं.
'खोटं नाही सांगत,' त्या म्हणाल्या,
'दुसऱ्याचा हात वापरणं हे आमच्याकडे
कमतरतेत मोजतात.'
म्हणजे लाल खूण.
म्हटलं, मोजा की. तुमचं काम आहे.
पण आधी हात धरतच नव्हती, हे समासात लिहा.
त्यांनी लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

रात्री पावणेदोन.
रेणुका उठून बसते, माझी मूठ ओढून घेते,
करंगळी दुमडते, मग अनामिका, मग मधलं,
अंगठा तळव्यात दाबते.
उरतं ते एकच,
दिवसभर चुका शोधून आलेलं,
शाईचा वास न गेलेलं.
ते ती खिडकीच्या गजांतून बाहेर धरते.

तिकडे सिग्नल आहे, तांबडा.
गाडी अजून यायचीय.
सकाळी सहाची पाळी.
मी बोट सरळ ठेवतो.