पहिला तालुका

पक्षानं ठरवलं, यंदा तिकीट मुंबईतून यायचं नाही.
सभासदांनीच चिठ्ठ्या टाकायच्या,
पंधरवड्याला एक तालुका,
सुरुवात पेठपासून.
पेठच का, मी विचारलं.
कार्यालयातला कारकून म्हणाला,
त्या रविवारी तिथला हॉल मोकळा होता.

मी हेमलता थेट्यांचा हिशेबनीस.
वही बघा:
नाशिक शहर, सभासद नऊ हजार, खर्च काही नाही.
मालेगाव, साडेसहा हजार, खर्च एक हार.
पेठ, चारशे बारा.
पानं संपली, पुरवणी शिवून घेतली.

आरटीओ कॉर्नरला डिझेल,
मग सावळघाट उतरायचा, रात्री चढायचा,
नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी.
द्राक्षांच्या बाई नागलीवर बोलायला शिकल्या.
कांदानिर्यातीवरचं भाषण,
त्यांचं सगळ्यात चांगलं,
डिकीत पडून राहिलं,
कारण करंजाळीत कांदा विकत घेतात.

येवाजी भोयेच्या टपरीवर
चारही उमेदवार त्याच बाकड्यावर बसून गेले.
चौघांनी त्याला नावानं हाक मारली.
चौघांनी मागच्या बंद हातपंपाशी फोटो काढले,
दांडा धरून.
येवाजी म्हणाला,
"पाणी एप्रिलात आटतं, साहेब.
तुम्ही थंडीत येता."
मी ते वहीत लिहिलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?

गायधनी हुशार.
आठवडाभर आधीच रडून ठेवलं त्यांनी,
पेठात आपले साठसुद्धा नाहीत म्हणून.
मतदानाला तीनशे नव्वद आले.
आम्हांला एकशे अडतीस.
जाधवांना एकशे एकोणतीस.
गायधनींना शहाण्णव.
सकाळी पेपर उघडला तर
गायधनींची मुसंडी,
आणि खाली, बारीक अक्षरात,
थेटे कशाबशा तरल्या.
पहिला नंबर येऊन
गाडीत कुणी बोललं नाही.

आणि इर्शाद मोमीन, मालेगावचे,
ज्यांच्या मागे साडेसहा हजार,
ते सत्तावीसवर थांबले.
घाट चढून येईपर्यंत
देणगीदारांचे फोन बंद.
द्वारकेच्या सिग्नलला त्यांनी गाडी बाजूला घेतली
आणि माघारीचं पत्र तिथंच, मांडीवर लिहिलं.
मालेगावची पाळी सहावी होती.
पेट्या मालेगावात पोचल्या तेव्हा
चिठ्ठीवर मालेगावचा माणूसच नव्हता.
मोमीनपुऱ्यातला एक म्हातारा शिंपी
कोरी चिठ्ठी दोनदा घडी घालून टाकून गेला म्हणे.

आमचंही सांगतो.
निफाड तिसरं, बाईंचं माहेर.
तिथं पोस्टर चिकटवायला खळीचेसुद्धा पैसे नव्हते.
सगळं पेठात ओतून झालं होतं.
कांद्याचं भाषण बाईंनी शेवटी तिथं केलं,
फार सुंदर केलं,
पण तोवर लोक गायधनींच्या मंडपात
जेवायला बसले होते.

मे महिन्यात एकटाच गेलो पेठला, एसटीनं.
येवाजीची उधारी होती,
तीनशे चाळीस चहा.
त्यानं पैसे मोजले, एक चहा स्वतःचा म्हणून दिला,
अर्धाच. पाणी नव्हतं.
"पुढल्या वेळी पण आम्हीच पहिले?"
नाही म्हणालो, सिन्नर म्हणतायत.
हॉल तिकडे मोठा आहे.

तो थोडा वेळ पंपाकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"सिन्नरवाल्यांना सांगा,
फोटो काढू द्यायच्या आधी
दांडा हलवून बघायला लावा."