आणि इतर

गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत
सकाळ व्हायची ती मागाच्या खटक्याने.
गणपत निनावे धोटा फेकता फेकता
भिंतीवरच्या सावल्यांवर दरोडे घालायचा,
आणि आई ओरडायची, "सूत तुटलं ना बे, डाकू!"

मारबतीच्या दिवशी बडग्याचा आवाज तोच.
कागदी पोटामागे लपून असा गुरगुरायचा
की इतवारीतली लहान पोरं बापाच्या धोतरात शिरायची.
बडग्या जळाला की हा राख झटकत ठेल्यावर यायचा,
"तर्री जास्त टाक भाऊ, आत्ताच मेलो मी."

मग एका मे महिन्यात मुंबई.
पत्र्याची पेटी, आईनं विणलेल्या दोन लुगड्यांचे पैसे,
आणि फलाटावर मी, उगाच रुमाल शोधणारा.

पहिली सात वर्षं त्याला शोधणं हेच माझं काम.
मोहिनी टॉकीजचा मी गेटकीपर,
टॉर्च विझवून पडद्यावरची नावं वाचायचो:
नायक, नायिका, संगीत, वेशभूषा,
घोडे ज्यांनी दिले ते संस्थानिक,
आणि सगळ्यात खाली,
आणि इतर.
गल्लीत येऊन सांगायचो, आलं बरं का आपल्या गणपतचं नाव.
खोटं कसं? आडनाव निनावेच तर होतं.

आठव्या वर्षी कुणा निर्मात्याला त्याच्या भुवया दिसल्या.
नाव ठेवलं भैरव. नुसतं भैरव.
तेव्हापासून तो शुक्रवारी मरू लागला.
कड्यावरून पडून, गोदामाच्या आगीत, जीपखाली,
एकदा तर स्वतःच्याच पाळीव वाघाकडून.
तिकिटं फाडत मी मोजत गेलो: त्र्याण्णव.

शेवटचा शो सुटला की
लोक हलके होऊन बाहेर पडायचे.
गिरणीतला मुकादम, सावकाराची चिठ्ठी, थोरल्या भावाचं कुजकं बोलणं,
सगळं त्याच्या अंगावर टाकून
पानठेल्याकडे वळायचे.
घेऊन जा गे मारबत,
मी दारं लावता लावता पुटपुटायचो.

आई एकदाच आली, बाल्कनीत, माझ्या पासवर.
नायिकेचं लुगडं दिसताच म्हणाली, "काठ मिलचा आहे."
पोरगा आगीत कोसळला तेव्हा ती पदराचं सूत चाचपत होती.
"झालं का मरून? चाल मग,
मले मागावर बसायचं आहे."

तो परतला तेव्हा माग भंगारात गेले होते,
मोहिनीच्या जागी चादरींचा सेल.
गुडघे गेलेले, भुवया तेवढ्या शाबूत.
कूलरसमोर बनियनवर बसून संत्री सोलायचा,
साल एका लांब धाग्यासारखी, न तोडता.

शेजारच्या हेडाऊचा नातू हट्टाला पेटला,
"आजोबा, ते हसून दाखवा ना, ते!"
गणपतनं तोंड उघडलं, मिटलं.
रात्री मला म्हणाला,
"ते हसू माझं नव्हतंच रे.
डबिंगला दुसरा माणूस होता,
दम्याचा पेशंट. कोण, कुठला, मी विचारलंही नाही."

तो गेला तो भर उन्हाळ्यात, लाइट नसताना.
खांद्याला सहा जण, त्यातले दोघे चादरवाले.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगा चौकाकडून आला,
कुठल्याशा घोटाळ्याचा बडग्या, दोन मजले उंच.
कुणा पोरानं जुन्या पोस्टरवरून
भुवया उचलल्या होत्या, जशाच्या तशा.
गर्दी ओरडली, घेऊन जा गे मारबत.
मीही तोंड उघडलं.
काय घेऊन जा म्हणावं ते आठवेना.

बडग्या पुढे सरकला.
मी खिशातली टॉर्च काढली,
भर दुपारी, गर्दीत उभं राहून,
आणि त्याला पुढची वाट दाखवली.