पाहिल्याची तारीख

नारीनच्या कॉलेजात, हीटरला पाठ टेकून
बेरमेतबाई निबंध तपासतात.
तोलोगोननं हिमनदीवर सोळा पानं लिहिलीत,
शेवटी एकच ओळ: इंटरनेटवरून साभार.

"इंटरनेट हे कुणाचं नाव रे?"
तो खांदे उडवतो.
"बरं, तुझे सात पूर्वज सांग."
हे त्याला झोपेतही येतं.
वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा,
त्यांच्याही मागचे, न अडखळता;
पाचवा घोडे चोरायचा, हेही सांगून टाकतो.
वर्ग हसतो.

"अस्संच. प्रत्येक आकड्याचं.
कुणी मोजला, कुठल्या साली, कुठे वाचलास.
चोर असला तरी नाव गाळायचं नाही."

रात्री तो एकेक दुवा उघडत बसतो.
चौथा उघडत नाही.
पान सापडत नाही, एवढंच येतं.
मार्चमध्ये तर होतं!
बर्फ किती मीटर मागे सरला
आणि खाली, बारीक अक्षरात,
मोजणाऱ्या बाईचं नाव.
मीटर आठवतात.

लेखक: पुढे तो जागा सोडतो.
पाहिल्याची तारीख: नऊ मार्च.
मग नऊ खोडून दहा करतो.
त्या दिवशी घोडीला नाल ठोकले होते,
म्हणजे बाजाराचा वार.